उसन्या बळाचे मोजमाप : डांबरी रस्त्यांच्या विक्षेप-चाचणीच्या मार्गदर्शिका आणि कोकणातील कातळ

डांबरी रस्ता न फोडता त्याची भारक्षमता ठरविण्याच्या ज्या पद्धती आपल्याकडे रूढ आहेत, त्या भारतीय रस्ते परिषदेच्या दोन मार्गदर्शिकांवर आधारलेल्या आहेत. पहिली आय.आर.सी. ८१. ती १९८१ साली प्रसिद्ध झाली व १९९७ साली सुधारण्यात आली. तिचा आधार बेंकेलमन बीम हे उपकरण आहे. दुसरी २०१४ ची आय.आर.सी. ११५. तिचा आधार फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर, म्हणजे पडत्या वजनाने रस्त्याचा विक्षेप मोजणारे यंत्र हा आहे. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रस्ते विकास समितीच्या कामातून पुढे १९३४ साली ही परिषद स्थापन झाली. तेव्हापासून तिची मानके देशातील रस्तेबांधणीला प्रमाणभूत ठरली आहेत. ग्रामीण भागातील एखाद्या मार्गावर जादा थर टाकावयाचा की नाही आणि टाकावयाचा तर किती जाडीचा, हा निर्णय शेवटी या मानकांतील तक्त्यांवरून होतो. म्हणून त्यांची चिकित्सा ही निव्वळ तांत्रिक बाब राहत नाही.

प्रस्तुत लेखात या दोन मार्गदर्शिकांचा विचार एकाच प्रश्नाच्या अंगाने केला आहे. रस्त्याखाली थोड्या खोलीवर कातळ असेल, तर या चाचण्यांतून येणारे आकडे नेमके कशाचे मोजमाप करतात? प्रश्न तपासण्यासाठी चिंचणी, तारापूर व बोईसर हा पट्टा डोळ्यांसमोर ठेवला आहे. नवीन क्षेत्रीय मोजणी येथे मांडलेली नाही. मार्गदर्शिकांची गृहीतके आणि त्यांतून निघणारे निष्कर्ष एवढाच या लेखाचा विषय आहे.

परिसराची जडणघडण

पालघर जिल्ह्याचा हा किनारी भाग दख्खनच्या अग्निजन्य खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो बनला. सर्व थर एकसारखे नाहीत. काही ठिकाणी घट्ट काळा पाषाण लागतो. काही ठिकाणी पोकळ्या व त्यांत भरलेली पांढरी खनिजे असलेला, विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक लागतो; तर दोन प्रवाहांच्या मध्ये तांबडा गेरूसारखा पट्टा येतो. त्यात भर म्हणून या भागात किनाऱ्याला साधारणतः समांतर, उत्तर-दक्षिण दिशेने गेलेल्या भित्तिखडकांची, म्हणजे डाइकांची, संख्या मोठी आहे. भित्तिखडक व त्याच्या बाजूचा खडक एकाच वेगाने झिजत नाहीत. परिणामी काही पावलांच्या अंतरात मुरमाची जाडी बदलू शकते.

उंचवट्यांवर पातळ माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ असा क्रम लागतो. खाडीच्या बाजूला उतरले की खाजणाची चिकट माती येते आणि कातळ दूर खाली जातो. वरोर-वाढवणच्या बाजूला ओहोटीच्या वेळी काळे खडक उघडे पडतात, तर चिंचणीचा किनारा वाळूचा आहे. याच पट्ट्यातून जाणारे रस्ते कधी कातळाच्या पाठीवरून, कधी खाजणातील भरावावरून जातात. प्रवाशाला हा बदल जाणवत नाही, कारण वरचे डांबर एकच असते.

या रस्त्यांवरील भारही हलका नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीची मालवाहतूक बोईसरहून चिल्हार फाट्याकडे व तेथून मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाते. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. बंदराचे काम जसजसे पुढे सरकेल तसतशी दगड, सिमेंट व यंत्रसामग्री वाहणारी अवजड वाहने याच परिसरात वाढत जाणार, हे सांगावयास भविष्यवेत्त्याची गरज नाही. येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. १९६९ पासून वीज देणाऱ्या तारापूर अणुवीज केंद्राच्या बांधकामात कातळ किती खोलीवर आहे हा पहिल्या काही प्रश्नांपैकी एक होता, कारण अणुभट्टीचा पाया कातळावरच हवा. त्याच केंद्राच्या दाराशी येणाऱ्या रस्त्याची ताकद मोजताना मात्र हा प्रश्न मार्गदर्शिकेच्या सूत्रात कोठेही येत नाही.

बेंकेलमन बीम काय मोजतो

बीमची कल्पना साधी आहे व तिच्या साधेपणातच तिचे यश आहे. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात झालेल्या रस्ताचाचणीच्या वेळी ए. सी. बेंकेलमन यांनी हे उपकरण तयार केले. ३.६६ मीटर लांबीची एक तरफ, तिचे टोक ट्रकच्या मागील जोडचाकांच्या मधल्या फटीत टेकविलेले आणि दुसऱ्या टोकाला डायल. ट्रक पुढे सरकला की दबलेला रस्ता वर येतो व ती उसळी डायलवर दिसते. आय.आर.सी. ८१ नुसार मागील आसावर ८१७० किलोग्रॅम भार घेतात. म्हणजे एका बाजूच्या जोडचाकांवर सुमारे ४०८५ किलोग्रॅम येतो. तो ४० किलोन्यूटनच्या जवळ जातो आणि पुढे एफ.डब्ल्यू.डी.साठीही तोच भार प्रमाण मानला गेला.

रस्त्याचे भाग प्रथम पृष्ठभागाच्या अवस्थेवरून चांगला, मध्यम व वाईट असे पाडले जातात. त्यासाठी चाकोरीची खोली व तडे पाहिले जातात. प्रत्येक भागात किमान दहा बिंदूंवर विक्षेप मोजतात. तापमान ३५ अंश सेल्सिअसला आणून दुरुस्ती करतात. मातीचा प्रकार, तिची आर्द्रता आणि वार्षिक पर्जन्य १३०० मिलिमीटरहून कमी की अधिक, यावरून ओलाव्याची दुरुस्ती करतात. मग सरासरीत प्रमाण विचलन मिळवून, महत्त्वाच्या मार्गांसाठी दुप्पट व इतरांसाठी एकपट, वैशिष्ट्यदर्शक विक्षेप काढला जातो. हा एक आकडा आणि येणाऱ्या वाहतुकीचा अंदाज, एवढ्यावर आलेखातून जादा थराची जाडी मिळते.

या पद्धतीचे मूल्य कमी लेखण्याचे कारण नाही. डायल, ट्रक आणि चार माणसे यांच्या बळावर तालुक्याच्या पातळीवर करता येईल अशी दुसरी चाचणी आपल्याकडे नव्हती. परंतु तिच्या मुळाशी असलेले गृहीतक तपासले पाहिजे. विक्षेप कमी म्हणजे रस्ता मजबूत, विक्षेप अधिक म्हणजे रस्ता दुर्बळ. चाकाखाली जे लवते त्यात डांबराचा थर, खडीचा थर, तळमाती आणि तिच्याखालची कित्येक मीटर जमीन अशा सर्वांचा वाटा असतो. डायलला मात्र बेरीजच दिसते. खालची जमीन सर्वत्र सारखीच खोल व सारख्याच जातीची असेल, तर बेरजेतील बदल वरच्या थरांमुळेच झाला असे मानता येते. जेथे अशी समानता नाही तेथे हा युक्तिवाद कोसळतो.

हे ढोबळ हिशेबाने दाखविता येते. १८८५ साली फ्रेंच गणिती बूसिनेस्क यांनी एकजिनसी, अमर्याद खोल माध्यमावर भार ठेवल्यास कोणत्या बिंदूला किती विस्थापन होते याचे सूत्र दिले. तळमातीचा स्थितिस्थापकता गुणांक ६० मेगापास्कल व पॉयसन गुणोत्तर ०.३५ धरू. ४० किलोन्यूटन भाराखाली, भाराच्या बरोबर खाली दोन मीटर खोलीवर होणारे विस्थापन सुमारे ०.१६५ मिलिमीटर येते. याचा अर्थ असा की पृष्ठभागावर दिसणाऱ्या विक्षेपापैकी ०.१६५ मिलिमीटर हा दोन मीटरखालील मातीचा वाटा आहे. तेथे मातीऐवजी कातळ असेल, तर हा वाटा जवळजवळ पूर्णपणे नाहीसा होईल, कारण घट्ट बेसाल्टचा गुणांक मातीच्या शेकडो पट असतो. कातळ चार मीटरवर असेल तर ०.०८२ मिलिमीटर वजा होतील, एकाच मीटरवर असेल तर ०.३३ च्या आसपास. ज्या मोजणीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवला जातो, तिच्यात ही वजाबाकी लहान म्हणता येणार नाही.

आता याच हिशेबाचा दुसरा भाग. डांबराचा थर तडकतो तो त्याच्या तळाशी पडणाऱ्या ताणामुळे, आणि तो ताण एकूण विक्षेपावर नव्हे तर विक्षेपाच्या वक्रतेवर अवलंबून असतो. भाराखालील विक्षेप आणि तेथून ३०० मिलिमीटर अंतरावरील विक्षेप यांतील फरक ही त्या वक्रतेची सोयीची खूण आहे. दोन मीटरवरील कातळामुळे भाराखाली ०.१६५ मिलिमीटर कमी झाले, तर ३०० मिलिमीटरवर ०.१६१ मिलिमीटर कमी होतात. दोहोंतील फरक जेमतेम ०.००३ मिलिमीटर. थोडक्यात, कातळाने विक्षेप बराच कमी केला, पण वक्रता होती तशीच राहिली. डांबराला कातळाचा लाभ जवळजवळ मिळालाच नाही, चाचणीच्या आकड्याला मात्र भरघोस मिळाला. हिशेब ढोबळ आहे. कातळामुळे ताणाच्या वाटणीत होणारा बदल त्यात धरलेला नाही. तरीही परिमाणांचे गुणोत्तर इतके विषम आहे की निष्कर्षाची दिशा बदलणार नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, कातळावरील रस्ता खरोखरच कमी लवतो. मग त्याला मजबूत म्हणण्यात चूक काय? आक्षेपात तथ्य आहे. तळमाती दाबली जाऊन पडणारी चाकोरी हा जर प्रश्न असेल, तर उथळ कातळ हे निश्चितच वरदान आहे. परंतु विक्षेप आणि रस्त्याचे उर्वरित आयुष्य यांचा संबंध मार्गदर्शिकेत अनुभवाधारित आहे. तो संबंध दोन्ही प्रकारच्या बिघाडांना, तडकण्याला व दबण्याला, एकाच आकड्यात गुंडाळतो. खोल मातीवर हे चालून जाते, कारण तेथे विक्षेप व वक्रता बहुधा जोडीने वाढतात. कातळावर ही जोडी फुटते. तडे जात असलेल्या रस्त्याला बीम निरोगी ठरवितो, तेव्हा अभियंत्याने डोळ्यांवर विश्वास ठेवावा की डायलवर, याचे उत्तर मार्गदर्शिका देत नाही.

ओलाव्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. घट्ट पाषाण पाणी मुरू देत नाही. पावसाळ्यात मुरमात उतरलेले पाणी कातळाच्या पाठीवर अडते, उताराच्या दिशेने सरकते आणि डोंगरकापातील रस्त्याखाली खडीच्या थरात शिरते. म्हणजे जो कातळ विक्षेपाचा आकडा सुधारतो, तोच खडीचा थर दुर्बळ करण्यासही कारणीभूत होऊ शकतो. ओलाव्याची दुरुस्ती मातीच्या प्रकारावर व पर्जन्यावर ठरते. पाणी कोठे अडते याला तिच्यात स्थान नाही. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या या किनाऱ्यावर ही उणीव किरकोळ नाही.

भागांची विभागणी पृष्ठभाग पाहून करण्याचाही परिणाम होतो. काल्पनिक उदाहरण घेऊ. एकाच मध्यम ठरविलेल्या भागात पाच बिंदू कातळावर आहेत, प्रत्येकी ०.५ मिलिमीटर, पाच बिंदू खाजणाच्या भरावावर आहेत, प्रत्येकी ०.९. सरासरी ०.७ येते आणि विचलनाची दुप्पट मिळविली की वैशिष्ट्यदर्शक विक्षेप सुमारे १.१ मिलिमीटर होतो, म्हणजे प्रत्यक्ष मोजलेल्या कोणत्याही बिंदूपेक्षा अधिक. भराव आणि कातळ वेगळे केले असते तर दोन स्वतंत्र निर्णय झाले असते. एकत्र केल्याने संपूर्ण भागावर जाड थर पडतो आणि पैसा कातळावर खर्च होतो. पहिल्या उदाहरणात कातळाने अपुरा थर दिला, येथे अनावश्यक दिला. दोन्हींचे मूळ एकच आहे.

नवे यंत्र, जुने गृहीतक

आय.आर.सी. ११५ ने या मर्यादांपैकी काहींवर चांगला उपाय दिला, हे मान्य केले पाहिजे. एफ.डब्ल्यू.डी.मध्ये ३०० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर वजन पडते आणि केंद्रापासून वेगवेगळ्या अंतरांवर बसविलेले जिओफोन विक्षेपाची संपूर्ण वाटी टिपतात. एका आकड्याऐवजी आकार हाती येतो. या वाटीवरून उलट गणन करून प्रत्येक थराचा गुणांक काढावयाचा आणि मग डांबराच्या तळाचा ताण व तळमातीवरील ताण स्वतंत्रपणे तपासावयाचा, ही रीत तत्त्वतः बीमपेक्षा पुष्कळ पुढची आहे.

अडचण उलट गणनाच्या प्रतिमानात आहे. आय.आय.टी. खरगपूर येथे तयार झालेला केजीपीबॅक हा संगणक कार्यक्रम मार्गदर्शिकेने स्वीकारला आहे. त्यात रस्ता तीन थरांचा मानला जातो : डांबर, खडी आणि तळमाती. तिसरा थर खाली अमर्याद आहे असे धरले जाते. कातळासाठी चौथी जागा नाही. कार्यक्रम गुणांकांचा शोध ठरावीक मर्यादांच्या आत घेतो. तळमातीसाठी सुचविलेला पल्ला साधारण २० ते १०० मेगापास्कलचा आहे.

वरच्याच उदाहरणात केंद्रापासून १.८ मीटरवरील जिओफोन पाहू. अमर्याद खोल मातीत तेथे सुमारे ०.१०३ मिलिमीटर विक्षेप यावा. त्यापैकी ०.०९९ मिलिमीटर दोन मीटरखालील मातीचा आहे. कातळ असेल तर उरते ते ०.००५ च्या आसपास, म्हणजे यंत्राच्या अचूकतेच्या सीमेवरचा आकडा. या जिओफोनवरून सरळ सूत्राने गुणांक काढला तर तो ६० ऐवजी वीसपट निघेल. दूरचे जिओफोन हेच तळमातीचे साक्षीदार आणि कातळाने सर्वाधिक फसतात तेही तेच.

कार्यक्रम मग काय करतो? तो सर्व अंतरांवरील फरक एकत्रितपणे कमी करू पाहतो. दूरच्या विक्षेपांना जुळविण्यासाठी तळमातीचा गुणांक वर नेतो आणि वरच्या मर्यादेला जाऊन टेकतो. तळमाती इतकी कडक मानल्यावर केंद्राजवळचा मोठा विक्षेप कोणाच्या तरी माथी मारावा लागतो. तो बहुधा खडीच्या थराच्या माथी येतो. त्याची भरपाई म्हणून कधी डांबराचा गुणांकही वाढतो. थरागणिक चूक दिशा बदलत जाते. याचा परिणाम असा की तळमाती दबून चाकोरी पडण्याची भीती कागदावर उरत नाही, तर खडी दुर्बळ दिसल्यामुळे डांबराच्या तळाचा ताण फुगतो. चांगली खडी उखडून नव्याने भरण्याचा सल्ला अशा विश्लेषणातून निघू शकतो.

येथे प्रस्तुत लेखकाला सर्वाधिक विचार करावयास लावणारी गोष्ट पुढे येते. एकाच जागी, एकाच कातळावर, बीमची पद्धत रस्त्याला फाजील बळ देते आणि एफ.डब्ल्यू.डी.ची पद्धत त्याच्या खडीच्या थराला फाजील दुर्बळता देते. दोन्ही मार्गदर्शिका एकाच परिषदेच्या आहेत आणि दोन्हींत भार तोच आहे. जुन्या व नव्या चाचणीचे निष्कर्ष जुळत नाहीत तेव्हा दोष जुन्या उपकरणाच्या ओबडधोबडपणाला देण्याची सवय आहे. दोघांनाही खालची जमीन अमर्याद वाटते, ही समान उणीव त्यामुळे झाकली जाते.

अन्यत्र हा प्रश्न ओळखला गेलेला आहे. टेक्सास विद्यापीठात रोएसेट, स्टोको व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून कातळाच्या खोलीचा अशा चाचण्यांवर होणारा परिणाम अभ्यासला. त्यांनी आणखी एक पैलू पुढे आणला, तो म्हणजे गतिकीचा. वजन पडते तेव्हा भार काही सहस्रांश सेकंद टिकतो व त्यातून लहरी निघतात. उथळ कातळावरून त्या परावर्तित होतात. कातळावरील मातीच्या थराला स्वतःची कंपनसंख्या असते. अवतरंगाचा वेग सेकंदाला १५० मीटर व थराची जाडी दोन मीटर धरल्यास ती सुमारे १९ हर्ट्झ येते, आणि आघाताची पुष्कळशी ऊर्जा याच पट्ट्यात असते. म्हणजे मोजलेल्या वाटीत काही भाग अनुनादाचाही असू शकतो. सर्व गणित मात्र स्थिर भाराचे चालते. एकाच कंपनसंख्येवर, ८ हर्ट्झवर, चालणाऱ्या डायनाफ्लेक्ट या यंत्राला हा दोष अधिक भोवतो. आघाताच्या यंत्राला तुलनेने कमी, पण उथळ कातळावर तोही दुर्लक्षणीय नाही.

टेक्सास परिवहन संस्थेच्या मॉड्युलस या कार्यक्रमात १९९० च्या सुमारास कातळाची खोली वाटीवरूनच ओळखण्याची रीत आली. ती इतकी सोपी आहे की आपल्याकडे ती का रुळली नाही याचे नवल वाटते. दूरच्या जिओफोनांचे विक्षेप उभ्या अक्षावर व अंतराचा व्यस्तांक आडव्या अक्षावर मांडावा. जमीन खोलवर एकसारखी असेल तर बिंदूंची सरळ रेषा मूळबिंदूकडे जाते. कातळ असेल तर ती आधीच शून्य विक्षेपाला छेदते आणि त्या छेदाच्या अंतरावरून कातळाच्या खोलीचा अंदाज येतो. यंत्र, मनुष्यबळ, खर्च काहीही वाढत नाही. मोजून झालेले आकडे फक्त एकदा वेगळ्या रीतीने मांडावयाचे असतात. आय.आर.सी. ११५ च्या पुढील सुधारणेत ही आकृती प्रत्येक बिंदूसाठी सक्तीची केली आणि रेषा मूळबिंदूपासून ढळल्यास चार थरांचे प्रतिमान वापरावे असे म्हटले, तर निम्मा प्रश्न सुटेल. जिल्हा मार्गांवर जेथे बीमच वापरला जातो तेथे ही सोय नाही. तेथे कातळ दुसऱ्या वाटेने शोधावा लागेल.

विहिरींची साक्ष

ती वाट महाविद्यालयीन अध्यापकांच्या आवाक्यातील आहे. आय.आर.सी. ८१ च्या चाचणीत आर्द्रतेसाठी रस्त्याच्या कडेला खड्डा घेऊन मातीचा नमुना काढावाच लागतो. खोदणाऱ्याच्या पहारीला खडक लागला तर ते त्याला कळते, फक्त ते हिशेबात उतरत नाही. डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर, म्हणजे आठ किलोग्रॅमचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून पडून जमिनीत घुसणारी कांब, हीसुद्धा स्वस्त आहे. तिची पोच मात्र सुमारे एक मीटरचीच आणि बेसाल्टच्या प्रदेशात ती फसवितेही. हा खडक कांद्याच्या पाकळ्यांसारखा सुटत झिजतो व मुरमात गोल टणक गोटे मागे राहतात. कांब गोट्यावर अडली की कातळ लागला असा भास होतो.

त्याहून विश्वासार्ह नोंद उभ्याने दिसते ती विहिरीत. जुन्या विहिरीचे बांधकाम जेथे थांबते आणि उघडा खडक सुरू होतो, ती रेषा म्हणजे त्या जागी मुरूम संपल्याची खूण. बोईसर ते चिंचणी आणि पुढे डहाणूकडे जाणाऱ्या मार्गाच्या दोन्ही अंगांना वाड्यांतून, शाळांच्या आवारांतून व देवळांपाशी विहिरी आहेत. भूगोल विभागाच्या विद्यार्थ्यांनी टेप व दोरी घेऊन मार्गालगतच्या विहिरींत ही खोली नोंदवावी, ती नकाशावर मांडावी आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने विक्षेपाच्या भागांची सीमा त्या नकाशावरून आखावी. भित्तिखडकांमुळे दोन विहिरींच्या मध्ये काय आहे याची खात्री देता येणार नाही. तरीही तडे व चाकोरी यांवरून आखलेल्या सीमेपेक्षा ही सीमा जमिनीशी अधिक प्रामाणिक राहील. भागांची विभागणी पृष्ठभागाच्या जोडीला भूस्तरावरूनही करावी, एवढी एक ओळ आय.आर.सी. ८१ मध्ये आली तर त्यासाठी कोणतेही नवे उपकरण घ्यावे लागणार नाही. बीमच्या डायलवर ३०० मिलिमीटर पुढे सरकल्यावरचे एक वाचन अधिक घेतले, तर वक्रतेचा अंदाजही त्याच फेरीत मिळेल. बीमचे पाय विक्षेपाच्या वाटीत येण्याचा धोका कातळावर कमी असतो, कारण तेथे वाटी अरुंद असते. त्यामुळे हे वाचन नेमके जेथे हवे तेथे अधिक भरवशाचे असेल.

विहिरींचा आणखी एक उपयोग आहे. वॉशिंग्टन राज्याच्या रस्ते विभागाने उलट गणनात कडक थर धरण्याची रीत स्वीकारली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की वाटीत दिसणारा कडक थर प्रत्येक वेळी खडकच असतो असे नाही; पाण्याने संपृक्त झालेली मातीही तसाच भास निर्माण करते. आपल्या किनाऱ्यावर भाद्रपदात विहिरींचे पाणी हाताला लागते आणि वैशाखात तळ दिसतो. एकाच बिंदूवर दोन ऋतूंत केलेल्या चाचणीत कडक थर वेगवेगळ्या खोलीवर दिसला तर तो पाण्याचा, आणि एकाच खोलीवर राहिला तर तो कातळाचा. विहिरीच्या नोंदवहीत बांधकामाच्या खालच्या कडेबरोबर या दोन महिन्यांतील पाण्याची पातळीही लिहून ठेवली, तर एफ.डब्ल्यू.डी.च्या आलेखातील छेदबिंदू कोणत्या थराचा आहे हे त्या वहीवरून ओळखता येईल.